एक लिटर गेलं कुठं?

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला एखादी थोरली, चकचकीत एसयूव्ही येऊन थांबली, की शेजारच्या दुचाकीवरची दोस्तमंडळी हमखास बोलतात, "काय बे, ॲव्हरेज किती देत असंल ही?" गाडी कितीही महाग असू दे, आपला पहिला प्रश्न हाच! एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर धावते? चला, आज आपण एका लिटर डिझेलचा माग काढू या.

आधी गाडी नीट बघून घेऊ. अशा बड्या गाड्यांपैकी मर्सिडीजची जीएलएस आपल्या पुणे जिल्ह्यातच, चाकणच्या कारखान्यात जोडली जाते. लांबी ५ मीटरपेक्षा जास्त आणि वजन जवळजवळ अडीच टन. अडीच टन म्हणजे किती? मंगळवेढ्याच्या ज्वारीची ५० किलोची ५० पोती! आणि आत बसलेली चार माणसं? सगळी मिळून फार तर पाच पोती. म्हणजे इंजिन माणसांना थोडं आणि गाडीलाच जास्त ओढत असतं.

आता डिझेलकडे वळू. एका लिटरमध्ये साधारण १० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. १,००० वॅटची इस्त्री सलग दहा तास तापत राहील, एवढी! पण या ऊर्जेला वाटेकरी फार.

पहिला वाटेकरी उष्णता. डिझेल जळतं, त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा इंजिन तापवण्यात आणि गरम धुराबरोबर निघून जाते. चाकांपर्यंत पोचते ती उरलेली.

दुसरा वाटेकरी वजन. सिग्नल सुटला की ५० पोत्यांना वेग द्यायचा. पुढच्या चौकात ब्रेक दाबला की तो वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन विरतो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! म्हणून शहरात ॲव्हरेज घसरतं. आणि गाडी उभी असताना इंजिन चालूच ठेवलं तर? डिझेल जळतंय आणि किलोमीटर शून्य.

तिसरा वाटेकरी दिसत नाही. तो आहे हवा. त्याला भेटायचं असेल तर घरातली सोलापुरी चादर घ्या आणि मोकळ्या मैदानावर जा. आधी चादर घडी घालून छातीशी धरून पळा. मग दोघांनी दोन बाजू धरून ती समोर पडद्यासारखी ताणा आणि पळा. कोण मागे ढकलतंय, ते लगेच कळेल! उंच, रुंद गाडी म्हणजे अशीच ताणलेली चादर. त्यातून वेगाची गंमत अशी, की ताशी ५० किलोमीटरवरून १०० वर गेलं की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. टेंभुर्णी ते इंदापूर रस्ता मोकळा मिळाला म्हणून गाडी दामटली, की डिझेलचा काटा भराभर खाली येतो तो यामुळेच.

मग जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा कुठून येतो? अशा चाचण्या करणारी एक मोठी संस्था पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिचं नाव एआरएआय, स्थापना १९६६ची. तिथल्या प्रयोगशाळेत गाडीची चाकं मोठ्या रुळांवर ठेवतात. चाकं फिरतात, रूळ फिरतात, गाडी मात्र जागच्या जागी! चालक समोरच्या पडद्यावर दाखवलेल्या वेगाप्रमाणे कधी हळू, कधी जोरात चालवतो आणि मधूनच थांबतो. सगळा खेळ जेमतेम वीस मिनिटांचा.

आणि डिझेल किती जळलं, हे मोजतात कसं? टाकीत डोकावून नाही. धूर गोळा करून! डिझेलमध्ये कार्बन असतो. जळताना तो नाहीसा होत नाही, जेवढा आत गेला तेवढा धुरातून बाहेर येतो. म्हणून धुरातला कार्बन मोजला की जळलेलं डिझेल कळतं.

आता एक नवल ऐका. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम. पण ते जळल्यावर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भरतो जवळजवळ २,६०० ग्रॅम! वजन वाढलं कसं? कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेऊन बाहेर पडतो. म्हणजे आपलं लिटर गेलं तरी संपलं नाही. तिप्पट वजनाचं होऊन ते हवेत राहिलं, आणि हवेतला हाच कार्बन डायऑक्साइड पृथ्वीला तापवतो.

आता शेवटचं गणित. सोलापूर ते पुणे अंतर धरा २५० किलोमीटर. समजा, बडी एसयूव्ही लिटरला १० किलोमीटर देते. तिला २५ लिटर लागलं. आत चौघं असतील तर माणशी सव्वासहा लिटर. एकटाच साहेब असेल तर सगळं २५ लिटर त्याच्या एकट्याच्या नावावर! छोटी गाडी लिटरला २० देत असेल आणि आत चौघं असतील, तर माणशी तीन लिटरांच्या आसपास. आणि आपली लाल एसटी? ती धरा लिटरला ५. म्हणजे ५० लिटर लागलं. पण आत ४० प्रवासी असले, तर माणशी फक्त सव्वा लिटर!

पाहिलंत? ज्या गाडीचं ॲव्हरेज सगळ्यांत कमी, तीच माणशी सगळ्यांत कमी इंधन खाते. म्हणून "किती देते?" एवढं विचारून भागत नाही. "किती जणांना घेऊन?" हेही विचारायला हवं.

तुम्हीही हे मोजू शकता. पुढच्या वेळी घरची गाडी पंपावर गेली, की टाकी फुल करायला सांगा आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहा. परत भरायची वेळ येईल तेव्हा पुन्हा टाकी फुल करा. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, हे झालं तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज. चाकांत हवा बरोबर ठेवून, सिग्नलला इंजिन बंद करून ते किती वाढतं, तेही पाहा. आणि वहीत आणखी एक रकाना नक्की आखा: गाडीत माणसं किती होती?