घड्याळाला नायलॉनचा पट्टा घेताय?

कुंभकोणमसारख्या कावेरीकाठच्या दमट गावात चामड्याचा पट्टा घामाने लवकर कडक होतो, वासही येऊ लागतो. नायलॉनचा पट्टा तिथे सोयीचा. स्वस्त, धुता येणारा आणि पटकन वाळणारा.

आधी घड्याळाच्या दोन कानांमधलं अंतर पट्टीने मोजा. बहुतेक वेळा ते १८, २० किंवा २२ मिलिमीटर भरतं. अंदाजाने घेतलेला पट्टा एकतर बसत नाही, नाहीतर बाजूला फट राहते.

शक्यतो अखंड पट्टा घ्या. ब्रिटिश लष्कराने १९७३ साली असाच पट्टा ठरवून दिला होता. तो घड्याळाच्या पाठीखालून, दोन्ही पिनांमधून जातो. त्यामुळे एक पिन निसटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. आजोबांचं जुनं एचएमटी हातावर असेल, तर एवढ्यासाठीच हा पट्टा घ्यावा!

दुकानात पट्टा उलटा करून बघा. भोकांच्या कडा वितळवून बंद केलेल्या हव्यात, नाहीतर महिन्याभरात धागे सुटतात. वीण घट्ट हवी. बकल स्टीलचं आहे का, हेही विचारा. मुलामा दिलेलं बकल घामाने काळं पडतं. रंग मात्र तुमच्या आवडीचा.

एक लक्षात ठेवा, पट्टा पाण्याला घाबरत नाही, पण जुनं चावीचं घड्याळ घाबरतं. २०२८ च्या महामहमला कुंभकोणमच्या तळ्यात बुडी मारणार असाल, तर घड्याळ काठावर घरच्या कुणाकडे द्या. पट्टा एरवी काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि रात्री पंख्याखाली वाळवा.