वन्यप्राणी बघायला ताडोबालाच कशाला? आपल्या माळरानावरही हरणं, लांडगे दिसतात. जायचं कुठं, कधी आणि कसं?

वन्यप्राणी बघायचे म्हटलं की ताडोबा, पेंच ही नावं आधी येतात. पण पुणे, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या लोकांसाठी तो प्रवास लांबचा आणि खर्चाचाही. आपण ज्याला 'पडीक माळ' म्हणतो, त्याच माळावर काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस राहतात. एका दिवसात जाऊन येता येईल अशी ठिकाणं इथंच आहेत.

रेहेकुरी (ता. कर्जत, जि. अहिल्यानगर)
काळविटांसाठी १९८० मध्ये हे अभयारण्य झालं. आकार फक्त २.१७ चौरस किलोमीटर. नर गडद रंगाचा, पिळदार शिंगांचा. मादी तांबूस आणि सहसा बिनशिंगांची. सिद्धटेकचा गणपतीही याच तालुक्यात, त्यामुळे दर्शन आणि काळवीट एकाच फेरीत होतात.

मयूरेश्वर (सुपे, ता. बारामती, जि. पुणे)
मोरगावच्या गणपतीवरून नाव पडलेलं हे अभयारण्य १९९७ चं, ५.१४ चौरस किलोमीटरचं. इथं चिंकारा बघायला मिळतो. तो काळविटापेक्षा लहान, आणि त्याच्यात मादीलाही बारीक शिंगं असतात.

कडबनवाडी (ता. इंदापूर) आणि शिर्सुफळ (ता. बारामती)
इथं वन विभागाची गवताळ प्रदेश सफारी चालते. बुकिंग ऑनलाइन होतं, सोबत स्थानिक गाईड असतो. नशीब असेल तर लांडगा दिसतो.

भिगवण परिसर
उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात. कुंभारगाव, डिकसळ भागातले मच्छीमार आपल्याच होडीतून पर्यटकांना फिरवतात. मासेमारीला त्यातून जोड मिळाली आहे.

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. मात्र माळढोक दिसणं आता फार दुर्मिळ झालंय. काळवीट मात्र तिथंही आहेत.

कधी जावं?
पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. पहाटे किंवा दिवस कलताना जा. भर दुपारी जनावर सावली धरून बसतं. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ प्राणी येतात, पण ऊन सोसवत नाही. भडक कपडे नकोत, गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न-गाणी बंद. दुर्बीण असली तर उत्तम. जाण्याआधी वेळ आणि प्रवेश फी वन विभागाकडून विचारून घ्या.

झाडं कमी, म्हणून माळ निकामी नाही
हलकी, मुरमाड जमीन आणि कमी पाऊस, म्हणून इथं मुळातच गवत जास्त आणि झाडं कमी. काळविटाचा सगळा भरवसा नजरेवर आणि पळण्यावर. लांबूनच धोका दिसावा म्हणून त्याला मोकळं रान लागतं. तिथं दाट झाडी लावली तर जंगल वाढल्यासारखं वाटतं, पण काळविटाचं घर जातं. मेंढपाळाचं चराऊ रानही त्याच माळावर असतं. नांगरट, प्लॉटिंग आणि मुरूम उपसा यांनी माळ तुटत गेला की हरीण शेतात घुसतं आणि लांडगा मेंढरांच्या कळपावर येतो. म्हणजे माळ गेला की नुकसान शेवटी आपलंच.

आणि हे नुकसान खरं आहे. एका रात्रीत हरभऱ्याचे शेंडे साफ झाले की त्या शेतकऱ्याला काळविटाचं कौतुक सांगून उपयोग नाही. पीक किंवा जनावराचं नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढून वन विभागाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. शासनाकडून भरपाई मिळते, पण उशीर झाला की प्रकरण अडकतं. वन विभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६ आहे.

मोबाईलवाल्यांनी हे पाळा
थंडीत लांडगीण बिळात पिल्लं घालते. अशा बिळाचा फोटो लोकेशनसह व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की दुसऱ्या दिवशी तिथं गाड्यांची रांग लागते. त्रास झाला की लांडगीण पिल्लं उचलून जागा बदलते, त्यात पिल्लं दगावू शकतात. फोटो लांबून काढा, जागेचं नाव टाकू नका. गाडी गवतात घालून हरणामागं पळवणं हा तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे.

ज्या गावांजवळ असा माळ शिल्लक आहे, तिथल्या ग्रामपंचायतीनं वन विभागाशी बोलून बघायला हरकत नाही. गाईड, गाडी, चहा-जेवण, मुक्काम ही कामं गावातली पोरं करू शकतात. भिगवणच्या मच्छीमारांनी पाण्यावर ते करून दाखवलंय. माळावरही ते होऊ शकतं, फक्त तोवर माळ राहिला पाहिजे.