शाळेचा सांगावा

प्राथमिक शाळा म्हटले की गुरुजी, फळा आणि मुले एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मुलाच्या घराचा विचार त्यात सहसा नसतो. वास्तविक पहिली-दुसरीतले मूल शाळेत पाच-सहा तास असते आणि बाकीचा सगळा वेळ घरी. ते वेळेवर उठले का, खाऊन आले का, शाळा सुटल्यावर त्याला कोणी काही विचारले का, हे सारे घराच्या हाती. तेव्हा शाळेत काय चालले आहे हे घराला कळणे हा शिक्षणाचाच भाग म्हटला पाहिजे. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत हे कळणे कसे घडते आणि कुठे अडते, याविषयी थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. आईला अक्षरओळख नाही. म्हणून हा प्रश्न मला पुस्तकाआधी घरातच भेटला.

आधी कायद्याचे पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातला प्रवेशाचा हक्क सर्वांना ठाऊक आहे, पण कलम २४ फारसे कोणी वाचत नाही. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत, प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना द्यावी, हे त्यात शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. म्हणजे घरी कळवणे हा गुरुजींचा मोठेपणा नव्हे, ती त्यांच्या कामाचीच बाब आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. प्रत्यक्षात समितीतल्या पुष्कळ बायांना आपण सभासद आहोत हे सहीसाठी रजिस्टर घरी आल्यावरच कळते!

माझ्या मते खरी अडचण निराळीच आहे. शाळेचा सांगावा घरी येतो तो लिहून येतो. पूर्वी तो वहीत लिहून येई किंवा फळ्यावर लागे, आता मोबाईलच्या गटावर येतो. मोबाईल असतो बापाकडे आणि बाप असतो आडतीवर नाही तर कामावर. माय वाचू शकत नसेल तर वाचून दाखवायला घरात एकच माणूस, ते म्हणजे ते लेकरू. ‘तुमचा मुलगा चार दिवस गैरहजर आहे’ ही चिठ्ठी तोच मुलगा वाचून दाखवणार! ज्याच्यावर तक्रार, तोच तिचा वाचक. प्रगतिपुस्तकाचेही तसेच. त्यातली श्रेणी म्हणजे काय, ‘ब’ चांगली की वाईट, हे न कळताच खाली अंगठा उठतो. जपानमध्ये शाळा आणि घर यांच्यामध्ये रोज एक संपर्कवही जाते-येते. एका बाजूने शिक्षक लिहितात, दुसऱ्या बाजूने पालक. कल्पना फार चांगली आहे, पण तिच्यात पालकाला वाचता-लिहिता येणे आधीच धरलेले आहे. आपल्याकडे ती जशीच्या तशी उचलली तर वह्या तेवढ्या भरतील.

तोंडी सांगण्याने काय फरक पडतो याचे एक उदाहरण देते. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम निघाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना ती द्यायची होती आणि सुरुवात शाळांतून झाली. आमच्या गावात आठ दिवस आधी सूचना लागली होती, ती कोणी वाचली नाही. उलट मोबाईलवरून भलतीच अफवा पसरली आणि लशीच्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा! मग एक बाई आणि आशाताई संध्याकाळी गल्लीतून फिरल्या. त्यांनी भाषण दिले नाही. ओट्यावर बसून लस कशाची, सुई कुठे टोचणार, ताप आला तर काय करायचे, एवढेच सांगितले. एका आजीने विचारले, “बाई, तुमच्या लेकराला दिली का?” बाई म्हणाल्या, “होय माय, कालच दिली.” दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. जंतनाशक गोळीच्या दिवशीही असेच होते. गोळी कधी, कशासाठी आणि जेवणानंतर का, हे आदल्या दिवशी मायला तोंडी कळले तर तीच लेकराला पाठवते.

आता दुसरी बाजू. ‘आमाला काय कळतंय त्यातलं, गुरुजी, तुमीच बघा’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाने ऐकले असेल. काहींना त्यात बेपर्वाई दिसते. मला तो संकोच वाटतो. अभ्यास म्हणजे वाचणे-लिहिणे आणि ते आपल्याला येत नाही, तेव्हा आपला काही उपयोग नाही, अशी मायची पक्की समजूत असते. ही समजूत शाळेनेच दूर केली पाहिजे. ‘मुलाकडे लक्ष द्या’ या सूचनेतून काहीच हाती लागत नाही. ‘आज वर्गात काय झाले ते रोज भाकरी करताना लेकराला सांगायला लावा, वाचता येत नसले तरी धडा मोठ्याने वाचून घ्या आणि कुठे अडखळते ते ऐका, बाजारातून आल्यावर हिशेब त्याला करू द्या, शनिवारी शाळा सकाळची असते म्हणून शुक्रवारी लवकर निजवा’ असे सांगितले तर अंगठा उठवणारी मायही ते करू शकते. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान चालले, त्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले गेले. खडे मोजणे, रंग ओळखणे, गोष्ट सांगणे अशा कृती आयांनी घरीच घ्यायच्या. जिथे बाईंनी मनावर घेतले तिथे मुलांना पहिलीचे भय राहिले नाही, असे मी आमच्या शेजारीच पाहिले.

ही वाट आपल्याला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवायची, असे त्यांनी केले. अंगणवाडी ही कल्पना तिथलीच. घराच्या वेळापत्रकाकडे पाहून शाळेने आपले वेळापत्रक लावावे, हे त्या दोघींनी करून दाखवले.

आपल्याकडे पालकसभा मात्र सकाळी अकराला! कापूस वेचणीच्या दिवसांत त्या वेळी सभेला येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा दिवेलागणीनंतर सभा घेतली तर दुप्पट माणसे येतील. अर्थात संध्याकाळी थांबणाऱ्या शिक्षकाचाही विचार हवा. पुष्कळ शिक्षक तालुक्याच्या गावाहून जाऊन-येऊन करतात आणि शेवटची एस.टी. कोणासाठी थांबत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ तरी जमावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

सर्वांत निकडीचा प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा. गंगाखेड, जिंतूरकडची कितीतरी कुटुंबे उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ सगळे जाते. यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळेकडून होते. मूल बरोबर न्यावेच लागले तर शिक्षण हमी कार्ड मिळते, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तो ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. यातले काय काय निघणाऱ्या घराला माहीत असते? मी आमच्या वस्तीवर पाच घरी विचारले. वसतिगृह दोघांना ठाऊक होते, कार्डाचे नाव कोणीच ऐकले नव्हते. एक मावशी म्हणाल्या, “मुकादम येतो त्या दिवशी कुठं शाळंत जावं? गाडी उभी राहती ना.”

म्हणून हे सांगणे दसऱ्याच्या आधी व्हायला हवे आणि ते निघणाऱ्या घरी जाऊन व्हायला हवे. त्या वेळी आजीलाही जवळ बसवावे, कारण पुढचे सहा महिने लेकराला शाळेत पाठवणारी तीच असते.