पदवीवर नाव कोणाचे? विद्यापीठाची ओळख



बारावीचा निकाल लागला की आपल्या सिंधीपुऱ्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते : कोणते कॉलेज, कोणता विषय, किती फी. पण कॉलेज ज्याच्या हाताखाली चालते त्या विद्यापीठाबद्दल फारसे कोणी विचारत नाही. तीन वर्षांनी जी पदवी हातात पडते तिच्यावर नाव मात्र विद्यापीठाचेच असते. म्हणून या अंकात आम्ही विद्यापीठ म्हणजे काय आणि त्याचा कारभार कोण पाहतो, हे थोडक्यात सांगणार आहोत.

विद्यापीठ कशासाठी?

आपल्या देशात नालंदासारखी विद्येची मोठी केंद्रे होती. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग तिथे शिकायला आला होता. युरोपात इटलीतील बोलोन्याचे विद्यापीठ सर्वांत जुने मानतात; परंपरेने त्याचे वर्ष १०८८ सांगितले जाते. तिथे विद्यार्थ्यांनी आपला संघ केला होता. शिक्षक तेच नेमत आणि शिक्षक वेळेवर आला नाही तर त्याला दंडही करत! पॅरिसला उलट होते, तिथे संघ शिक्षकांचा होता. विद्यापीठाचा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थच मुळी 'संघ' असा आहे.

भारतात आजच्या पद्धतीची विद्यापीठे १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे निघाली. त्यांनी नमुना लंडन विद्यापीठाचा घेतला. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. विद्यापीठ म्हणजे परीक्षेचे कार्यालय, ही आपल्या मनातली समजूत तिथूनच आली. खरे तर विद्यापीठाची कामे तीन : शिकवणे, पारखणे आणि संशोधन करून नवे ज्ञान मिळवणे.

आपले बऱ्हाणपूर कोणाकडे?

आपले गाव एका जागी, पण विद्यापीठ मात्र बदलत गेले. आपला निमाड जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या प्रांतासाठी १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले. १९४६ साली डॉ. हरिसिंह गौर यांनी स्वतःच्या कमाईतून सागर येथे विद्यापीठ उभे केले आणि प्रांतातला हिंदी भाग तिकडे गेला. पुढे कित्येक वर्षे आपल्या मुलांच्या पदवीवर इंदूरचे नाव होते. इंदूर विद्यापीठाची स्थापना १९६४ ची. १९८८ पासून त्याला देवी अहिल्या विश्वविद्यालय म्हणतात. २०२४ साली खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विश्वविद्यालय सुरू झाले आणि बऱ्हाणपूर जिल्हा त्याच्या क्षेत्रात आला. म्हणून घरातल्या मोठ्या आणि धाकट्या भावंडांच्या गुणपत्रिकांवर वेगवेगळी नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये. मात्र कोणत्याही कामासाठी अर्ज करताना आपल्या गुणपत्रिकेवरचे नाव आधी नीट वाचावे.

कारभार कोण पाहतो?

इथे आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्यांची गंमत होते. मराठी वर्तमानपत्रात 'कुलपती' म्हणजे राज्यपाल आणि 'कुलगुरू' म्हणजे विद्यापीठाचे प्रत्यक्ष प्रमुख. आपल्या मध्य प्रदेशात मात्र राज्यपालांना 'कुलाधिपती' आणि प्रमुखांना 'कुलपती' म्हणत. २०२४ साली राज्य सरकारने या प्रमुखांना 'कुलगुरू' म्हणायचे ठरवले. आता निदान हा शब्द तरी दोन्हीकडे एक झाला!

कुलगुरूंच्या खालोखाल कुलसचिव असतात. कार्यालय, कागदपत्रे आणि पत्रव्यवहार त्यांच्याकडे. पण मोठे निर्णय एकट्या माणसाचे नसतात. पैसा, नेमणुका आणि मालमत्ता कार्यपरिषद पाहते. शिक्षणाचे आणि परीक्षेचे नियम विद्यापरिषद ठरवते. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम त्या विषयाच्या शिक्षकांचे अभ्यासमंडळ तयार करते. या सगळ्यांवर राज्याचा कायदा असतो आणि देशभराचा दर्जा राखण्यासाठी १९५६ च्या कायद्याने विद्यापीठ अनुदान आयोग आहे.

याचे आपल्याला काय?

पुष्कळ आहे. एक उदाहरण देतो. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे होते. त्याच विद्यापीठात पुढे मराठीला उच्च परीक्षांत जागा उरली नव्हती. रानडे नुसती हळहळ करत बसले नाहीत. विद्यापीठाच्या कारभारात राहून, सभांमध्ये मांडणी करून त्यांनी अनेक वर्षे देशी भाषांसाठी प्रयत्न केले. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले, त्या सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. महर्षी कर्वे यांनी तर १९१६ साली स्त्रियांसाठी मातृभाषेतून शिकवणारे वेगळे विद्यापीठच काढले. त्याला कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडावे लागले, पण कर्वे थांबले नाहीत.

आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर मराठी बोलत आलो. आपल्या मुलांना कॉलेजात मराठी हा विषय मिळावा असे वाटत असेल, तर ते दिवाणखान्यात बोलून होणार नाही. कॉलेजने तो विषय मागायला हवा, शिकणारी मुले हवीत, आणि अभ्यासक्रम अभ्यासमंडळातून विद्यापरिषदेपर्यंत जायला हवा. लहान कामांनाही हाच न्याय लागतो. गुणपत्रिकेत नाव चुकले तर थेट कुलगुरूंकडे धाव घेऊ नये. आधी कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि मग परीक्षा विभागाकडे पाठपुरावा करावा.

पालकांना आमची विनंती एवढीच : यंदा प्रवेशाचा अर्ज भरताना मुलाला शेजारी बसवा आणि फीच्या रकमेबरोबर विद्यापीठाचे नाव व आपल्या विषयाचा अभ्यासक्रमही वाचा. आणि मुलांनो, बोलोन्याचे ते विद्यार्थी लक्षात ठेवा. विद्यापीठ मुळात शिकणाऱ्यांनी एकत्र येऊन केलेला संघ होता. तो आजही तुमचाच आहे. फक्त कोणते दार ठोठवायचे, ते माहीत हवे.