न्याहाळकाचे रूप कोणाच्या हाती?

भिलाई हे छत्तीसगडमधील पोलादाचे शहर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला व त्यातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच कामगारांसाठी सेक्टरनिहाय वसाहत वसली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे एकसारख्या घरांत राहू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. घराचा आराखडा कारखान्याचा. पण दारापुढील रांगोळी, अंगणातील तुळशीवृंदावन आणि खिडकीचा पडदा ज्याचा त्याचा. भिंत कोठे असावी हे राहणारा ठरवत नाही; मात्र दिवा कोठे लावला म्हणजे वाचायला उजेड पुरेल, हे त्यालाच अधिक कळते.

संगणकाच्या पडद्यावरही हाच प्रश्न उभा राहतो. इंटरनेटवरील पाने पाहण्यासाठी जी आज्ञावली वापरली जाते, तिला ब्राउझर किंवा न्याहाळक म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांतील परिचित नावे. न्याहाळकाच्या खिडकीचा रंग, बटणांच्या जागा, अक्षरांचा आकार हे सारे कोणी ठरवायचे? तो तयार करणाऱ्या कंपनीने, की रोज त्यातून वाचणाऱ्या माणसाने?

वाचकाच्या अधिकाराची मूळ कल्पना

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला न्याहाळक तयार केला. पुढे १९९३ मध्ये मोझेक आणि १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आले. पान कसे दिसावे याविषयी ऑक्टोबर १९९४ मध्ये होकून वियम ली यांनी एक प्रस्ताव मांडला. पानाचा लेखक आणि पानाचा वाचक या दोघांच्याही आवडीनिवडींचा मेळ घालून पानाचे अंतिम रूप ठरावे, असे त्याचे सूत्र होते. यातूनच ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’, म्हणजे सीएसएस, ही पद्धत जन्मली.

डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत वादाच्या प्रसंगी लेखकाचा ‘महत्त्वाचा’ म्हणून नोंदवलेला नियम वरचढ ठरत असे. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटला आणि वाचकाचा ‘महत्त्वाचा’ नियम श्रेष्ठ मानला गेला. ज्याला बारीक किंवा फिकट अक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्या गरजेपुढे लेखकाच्या सौंदर्यदृष्टीने माघार घ्यावी, हा त्यामागचा विचार होता.

मोकळीक आणि तिचा संकोच

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची लोकप्रियता वाढण्यामागे एक कारण म्हणजे तिच्यातील मोकळीक. पूरक आज्ञावली जोडून न्याहाळकाचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येई. बटणे हलवता येत, पट्ट्या वाढवता येत, संपूर्ण रूपच पालटता येई. ऑपेरा या न्याहाळकातही रूप बदलण्याच्या अनेक सोयी होत्या.

पुढील दशकात मात्र वारे फिरले. २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचे जुने यंत्र सोडून क्रोमियमचा पाया स्वीकारला आणि नव्या आवृत्तीत अनेक जुन्या सोयी राहिल्या नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये फायरफॉक्सच्या २९ व्या आवृत्तीने नवे रूप धारण केले. खालची पूरक पट्टी गेली आणि पत्त्याच्या ओळीखाली टॅब ठेवण्याचा पर्यायही गेला. त्याच सुमारास क्रोमने वाचकाला स्वतःची शैली पानांवर लादू देणारी अंगभूत सोय काढून टाकली. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या सर्व पूरक आज्ञावल्या व संपूर्ण रूप पालटणाऱ्या सजावटी बंद झाल्या. रंग आणि चित्र बदलण्यापुरती मुभा उरली.

भारतातील एक उदाहरणही बोलके आहे. २०१० मध्ये बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स या कंपनीने फायरफॉक्सच्या पायावर ‘एपिक’ नावाचा न्याहाळक काढला. त्यात भारतीय भाषांत टंकलेखनाची सोय आणि भारतीय धर्तीच्या पुष्कळ सजावटी होत्या. २०१३ मध्ये एपिकने क्रोमियमचा आधार घेतला आणि खासगीपणाचे रक्षण हे आपले ध्येय ठरवले. त्या नव्या अवतारात सजावटीचा तो भारतीय बाज मागे पडला.

पर्याय का घटले?

या बदलांमागे केवळ कंपन्यांची लहर होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिले कारण सुरक्षिततेचे. जुन्या पूरक आज्ञावलीला न्याहाळकाच्या अंतर्भागात सर्वत्र प्रवेश असे. जिला बटण हलवता येई, तिला मनात आणल्यास वापरणाऱ्याचा परवलीचा शब्दही वाचता येई. दुसरे कारण वेगाचे. न्याहाळकाचे काम अनेक स्वतंत्र प्रक्रियांत विभागायचे, तर त्याच्या आतड्यात हात घालणाऱ्या जुन्या आज्ञावल्या अडथळा ठरत. तिसरे कारण खर्चाचे. प्रत्येक नवा पर्याय म्हणजे तपासणीचे वाढते काम. दहा पर्यायांची प्रत्येकी दोन रूपे धरली, तरी १,०२४ प्रकारच्या जोडण्या संभवतात. चौथे कारण मोबाइलचे. तळहाताएवढ्या पडद्यावर बटणांच्या रांगांना जागा नसते.

एकसारखेपणाचा एक लाभही मान्य करायला हवा. कारखान्याच्या नियंत्रणकक्षात पाळी बदलताच नवा कर्मचारी त्याच फलकासमोर बसतो. प्रत्येक पाळीने कळांच्या जागा बदलल्या, तर अपघात अटळ होईल. सायबर कॅफेतील किंवा अभ्यासकेंद्रातील सामाईक संगणकाचेही तसेच असते. एकाने केलेली मांडणी दुसऱ्याला गोंधळात टाकते. नवशिक्याला तर पत्त्याची ओळसुद्धा सापडत नाही. परंतु त्याच नियंत्रणकक्षात खुर्चीची उंची प्रत्येकाला आपापल्यापुरती बदलता यावी लागते. कळांची जागा एकच असणे ही शिस्त. खुर्ची एकाच उंचीची असणे ही गैरसोय.

सजावट, सोय आणि गरज

या वादात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. खिडकीला निळा रंग असावा की सणाचे चित्र, ही सजावट. टॅब वर असावेत की बाजूला, ही सोय. अक्षर दिसावे, वाचता यावे, ही गरज. सजावट गेली तर मन थोडे खट्टू होते. सोय गेली तर वेळ जातो. पण गरजेचा पर्याय गेला तर माणूस वाचनालाच मुकतो. पर्यायांची छाटणी करताना या तिन्ही गोष्टी एकाच कात्रीखाली आल्या, हे खरे दुखणे आहे.

देवनागरी वाचणाऱ्यास हे अधिक जाणवते. रोमन अक्षरांच्या मानाने देवनागरीत वर वेलांटी व रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे येतात. ओळीची उंची थोडी कमी पडली की मात्रा कापल्यासारखी दिसते. अक्षर बारीक झाले की ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद पुसट होतो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. त्या वयात शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्या प्रौढाला अक्षराचा आकार वाढवता येणे ही चैन नसून शिक्षणाची पूर्वअट आहे.

काय उरले आहे?

सर्वच दारे बंद झालेली नाहीत. २०१६ मध्ये व्हिवाल्डी या न्याहाळकाची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ऑपेराचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर यांनी तो सुरू केला आणि बदलांची मोकळीक हेच त्याचे वैशिष्ट्य ठेवले. ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरील नव्या फायरफॉक्सने पूरक आज्ञावल्यांची संख्या अगदी मोजक्यांवर आणली होती; डिसेंबर २०२३ मध्ये ते दार पुन्हा उघडले. मार्च २०२५ मध्ये संगणकावरील फायरफॉक्समध्ये उभ्या टॅबची सोय आली. वापरणाऱ्यांनी सातत्याने मागणी केली, तर गेलेले काही परत येते, हे यावरून दिसते.

शिवाय हाताशी असलेल्या पर्यायांची माहिती अनेकांना नसते. संगणकावर कंट्रोलची कळ दाबून अधिकचे चिन्ह दाबले की पान मोठे होते. शून्य दाबले की पूर्ववत होते. फायरफॉक्सच्या अक्षरविषयक मांडणीत देवनागरीसाठी वेगळा टंक व वेगळा किमान आकार निवडता येतो. वाचनदृश्य चालू केल्यास पानावरील जाहिराती व इतर पसारा बाजूला होतो आणि केवळ मजकूर उरतो. तेथे अक्षर, ओळींतील अंतर आणि पार्श्वभूमी बदलता येते. हे पर्याय शिकून घेणे हा संगणकसाक्षरतेचा भाग आहे, कारण न वापरलेला पर्याय अनावश्यक समजला जातो आणि पुढच्या छाटणीत तोच आधी जातो.

न्याहाळक कंपनी घडवते, म्हणून त्याचा सांगाडा तिने ठरवावा हे रास्त आहे. सांगाडा भक्कम आणि सुरक्षित असावा, याची जबाबदारीही तिचीच. परंतु पानासमोर बसलेले डोळे वाचकाचे असतात. कोणाला किती मोठे अक्षर लागते, कोणता रंग डोळ्यांना खुपतो, हे दूरच्या कार्यालयात बसून ठरवता येत नाही. साधेपणा हा गुण आहे. मात्र ज्या साधेपणामुळे एखाद्याचे वाचन थांबते, त्याला साधेपणा म्हणता येणार नाही.