पाळीव सशाची हाताळणी

पाळीव सशाची हाताळणी म्हणजे घरात पाळलेल्या सशाला स्पर्श करणे, उचलणे, हातांत किंवा मांडीवर धरणे आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. कुत्रा व मांजर यांच्या तुलनेत ससा उचलून घेण्यास अधिक विरोध करतो. बहुतेक ससे कालांतराने माणसाचा सहवास आणि जमिनीवर बसलेले असताना मिळणारा स्पर्श पसंत करू लागतात. उचलले जाणे मात्र ते बहुधा केवळ सहन करण्यास शिकतात. त्याची खरी आवड फार थोड्या सशांमध्ये दिसते. हा फरक न ओळखल्यास सशाला दीर्घकाळ भीती सोसावी लागते आणि प्रसंगी गंभीर इजाही होते.

पार्श्वभूमी

मराठीत 'ससा' हा शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. महाराष्ट्राच्या माळरानांत व शेतांत आढळणारा रानससा (शास्त्रीय नाव: लेपस नायग्रिकॉलिस) हा वन्य प्राणी असून त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे, तो घरी पाळता येत नाही. पाळीव ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) हा नैर्ऋत्य युरोपातील बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, तर पाळीव सशाची पिल्ले केसविरहित व मिटलेल्या डोळ्यांची असतात आणि त्यांचे डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडतात. या दोन जातींचा संकर होत नाही.

दोन्ही प्राणी भक्ष्य आहेत. पाठलागाने होणाऱ्या छळासाठी मराठीत रूढ असलेला 'ससेहोलपट' हा शब्द सशाच्या याच स्थितीवरून आला आहे. पाळीव सशाच्या वर्तनातही ही वृत्ती टिकून आहे.

उचलण्याला होणारा विरोध

मांजर आपली पिल्ले मानेला धरून हलवते, त्यामुळे उचलले जाण्याचा अनुभव मांजराला बालपणीच मिळतो. सशाच्या मादीत असे वर्तन नसते. ती दिवसातून साधारणपणे एकदाच, काही मिनिटे पिल्लांना पाजते आणि निघून जाते. घरट्याबाहेर पडलेले पिल्लू ती उचलून आणत नाही. निसर्गात सशाचे पाय जमिनीवरून सुटतात ते बहुधा शिकारी प्राण्याने किंवा पक्ष्याने पकडल्यावरच. वरून येणारा हात आणि त्यापाठोपाठ सुटणारा जमिनीचा आधार हा क्रम सशाच्या दृष्टीने हल्ल्यासारखाच असतो.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. परंतु नाकासमोरचा व हनुवटीखालचा थोडा भाग दिसत नाही. त्यामुळे थेट नाकापुढे नेलेल्या हाताने ससा दचकू शकतो.

शारीरिक धोके

सशाचा सांगाडा हलका असतो. त्याचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के भरते. मांजरात हेच प्रमाण १२ ते १३ टक्के आहे. याउलट मागील पायांचे स्नायू अतिशय बळकट असतात. मागील भागाला आधार न देता धरलेल्या सशाने जोराने पाय झाडल्यास कमरेजवळचा मणका मोडू शकतो आणि मागील पाय लुळे पडू शकतात. ही इजा होण्यासाठी ससा खाली पडावाच लागतो असे नाही. कान धरून उचलणे ही अत्यंत वेदनादायक व चुकीची पद्धत आहे.

निश्चलता आणि तिचा अर्थ

सशाला पाठीवर उताणे धरल्यास तो काही वेळ हालचाल थांबवतो. या अवस्थेस 'ससा झोपला' किंवा 'रमला' असे समजले जाते. प्रत्यक्षात ती पकडल्या गेलेल्या भक्ष्याची प्रतिक्षिप्त निश्चलता आहे. ब्रिटनमधील ॲन मॅकब्राइड व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या अवस्थेतील सशांमध्ये भीतिजन्य ताणाची शारीरिक व वर्तनविषयक लक्षणे आढळली. त्यामुळे लाड करण्यासाठी, छायाचित्रासाठी किंवा मुलांच्या करमणुकीसाठी सशाला उताणे धरणे योग्य मानले जात नाही.

हातांत निमूट बसलेला ससा सुखात असेलच असे नाही. ताठ शरीर, विस्फारलेले डोळे, पाठीला चिकटलेले कान आणि जलद श्वास ही भीतीची लक्षणे आहेत. खाली सोडताच दूर पळणे व मागील पाय जमिनीवर आपटणे हेही नापसंतीचे द्योतक आहे. पाय पसरून किंवा कुशीवर लोळणे, हाताखाली डोके खाली करून बसून राहणे, माणसाला चाटणे आणि दातांचा हलका, लयबद्ध आवाज करणे ही समाधानाची लक्षणे होत. दात मोठ्याने कराकरा वाजणे हे मात्र वेदनेचे चिन्ह असू शकते.

लहान वयातील हाताळणी

हंगेरीतील पेटर पोंग्राट्स व विल्मोश आल्टबेकर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात आईने पाजण्याच्या वेळेच्या आसपास हाताळलेली पिल्ले पुढे माणसाला कमी घाबरतात. इतर वेळी हाताळलेल्या पिल्लांत तसा परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष माणसाच्या भीतीविषयी आहे. अशा सशांना उचलून घेतलेले आवडतेच, असे त्यातून सिद्ध होत नाही. ससा घरी येतो तेव्हा तो सामान्यतः काही आठवड्यांचा असतो व हा काळ उलटून गेलेला असतो. म्हणून एकाच प्रकारे वाढवलेल्या दोन सशांच्या वागण्यात मोठा फरक दिसू शकतो आणि त्याचे कारण पाळणाऱ्याच्या मायेतील उणीव हे नसते.

सवय लावणे

मोठ्या सशालाही क्रमाक्रमाने सवय लावता येते. प्रथम माणसाने जमिनीवर बसून सशाला आपणहून जवळ येऊ देणे, नंतर कपाळ व गालांवरून हात फिरवणे, त्यानंतर छातीखाली हात ठेवून लगेच काढणे आणि शेवटी काही क्षण किंचित उचलणे, असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर कोथिंबिरीची काडी किंवा आवडीचा पाला दिला जातो. ससा मागे सरल्यास आधीच्या टप्प्यावर परतावे लागते. पाठलाग करून किंवा कोपऱ्यात अडवून पकडल्यास आधीची प्रगती वाया जाते.

उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली ठेवून सशाला शरीराशी जवळ धरले जाते. सोडताना त्याचे चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत आधार काढला जात नाही. लहान मुलांनी ससा उचलण्याऐवजी जमिनीवर बसून त्याला कुरवाळावे, असा सल्ला दिला जातो.

उचलणे पूर्णपणे टाळता येत नाही. नखे कापणे, दात व पोट तपासणे आणि दवाखान्यात नेणे यांसाठी ते आवश्यक असते. म्हणून आवड निर्माण झाली नाही तरी सहनशीलता निर्माण करणे उपयुक्त ठरते. दवाखान्यात नेण्याची पेटी घरात उघडी ठेवून ससा स्वतःहून आत जाईल अशी सवय लावल्यास उचलण्याचे प्रसंग कमी होतात.

मुंबईतील परिस्थिती

मुंबईत महात्मा ज्योतिबा फुले मंडई (क्रॉफर्ड मार्केट) ही पाळीव प्राण्यांच्या विक्रीची जुनी जागा आहे. गिरगावातील फणसवाडीसारख्या दाट वस्तीत, विशेषतः चाळीतील एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, केर काढताना, पाहुणे आल्यावर किंवा सामायिक सज्जातून ये-जा करताना ससा वारंवार उचलला जाण्याची शक्यता असते. सज्जात मांजर व कावळे यांचाही धोका असतो आणि कठड्याजवळ हातातून सुटलेला ससा खाली पडू शकतो. जमिनीलगत दार असलेला पिंजरा आणि कॉटखाली लपण्याची जागा असल्यास लहान खोलीतही उचलण्याची गरज बरीच कमी होते. गुळगुळीत लाद्यांवर सशाचे पाय घसरतात, त्यामुळे सतरंजी किंवा चटई अंथरणे हितावह असते.

गणेशोत्सवातील ढोल-ताशे व दिवाळीतील फटाके यांच्या आवाजाने ससा घाबरतो. अशा वेळी त्याला धीर देण्यासाठी कवेत घेतल्यास भीती वाढण्याचा संभव असतो. आडोशाची जागा अधिक उपयोगी पडते. उष्म्यातही त्याला धरून ठेवणे टाळावे, कारण सशाला घामावाटे शरीर थंड करता येत नाही आणि उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकली जाते. तीव्र ताणामुळे ससा खाणे थांबवू शकतो. सुमारे बारा तास काहीही न खाल्लेल्या सशाला तातडीच्या उपचारांची गरज असते. परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कायदेशीर तरतुदी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने किंवा स्थितीत प्राणी वाहून नेणे आणि पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. याच अधिनियमाखालील २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे.