चालत्या माळ्यावरची गोफण

ज्वारी दाण्यावर आली की आमच्या नंदुरबारकडे माळ्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो. शेत जागचे हलत नाही, म्हणून माळाही हलत नाही. रणगाडे मात्र पुढे सरकतात, आणि विमाने त्यांच्यावरच झेपावतात. तेव्हा राखणदारही सोबत धावणारा हवा. म्हणून साखळपट्ट्यांच्या गाडीवरच फिरता बुरूज आणि विमानविरोधी तोफा बसवल्या गेल्या.

भारतीय लष्कराची ‘शिल्का’ अशीच. नाव रशियातल्या नदीचे. कवीला हे जरा खुपतेच. २३ मिलिमीटरच्या चार नळ्या, मागे रडारची तबकडी. गोळा पोहोचेपर्यंत विमान कुठे असेल ते गणकयंत्र ठरवते, नेम तिथे धरला जातो. मिनिटाला सुमारे ३,४०० गोळे सुटतात, पण गाडीत मावतात २,०००. म्हणजे साठा जेमतेम ३५ सेकंदांचा! मारा अडीच किलोमीटरचा.

क्षेपणास्त्रांपुढे ही तोफ जुनी ठरली होती. ड्रोनने तिला परत आणले, कारण स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र परवडत नाही. युक्रेनमध्ये जर्मन बनावटीच्या ‘गेपार्ड’ने आणि मे २०२५ मध्ये आपल्या सीमेवर शिल्काने ड्रोनशीच झुंज दिली. नेम चुकलेला स्फोटक गोळा काही सेकंदांत हवेतच फुटेल, अशी सोय त्यात असते. खाली गाव असते ना!